बारा शीट, एकच माणूस

तिशी उलटल्यावर चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसायला धाडस लागतं. शेजारची अठरा वर्षांची पोरगी "काकू, खोडरबर देता का?" म्हणते आणि आपण तो देतो. मी हौसेनं गेले नव्हते. इंदापुरातल्या एका शाळेत मी सहा वर्षं चित्रकला शिकवत होते. म्हणजे फलक लिहीत होते, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवत होते, साहेब येणार असले की दारात रांगोळी घालत होते आणि उरलेल्या वेळात पोरांना आंबा काढायला शिकवत होते. मग शाळेत चित्रकलेची कायमची जागा निघाली. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सरळ सांगितलं, की कला शिक्षकाचा कोर्स नसेल तर ही जागा तुम्हाला देता येणार नाही. जूनपर्यंत कोर्सला प्रवेश मिळाल्याचा कागद आणा, तोवर मी थांबते.

माझ्याकडे पदवी होती, पण इतिहासाची. कोर्सवाले म्हणाले, पदवी चालेल, पण आधी आमच्याच कॉलेजात पूर्वतयारीचे विषय पुरे करा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि माणसाचा चेहरा, ज्याला तिथं सगळे हेड स्टडी म्हणतात. या सगळ्यांवर सरांचा शेरा मिळाला तरच अर्ज घेणार. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय. आठवड्यातून तीन दिवस मी इंदापूरहून बारामतीची एसटी धरायची, बोर्ड पायांत आणि कागदांची गुंडाळी मांडीवर. उसाचा हंगाम असला की जंक्शन गावापासून भवानीनगरपर्यंत गाडी ट्रॉल्यांच्या मागं मागं चालायची. एका कंडक्टरनं तर मला "घराचे नकाशे काढता का हो ताई?" असं विचारलं. मी हो म्हणून टाकलं, कोण समजावत बसणार.

बाकीचे विषय मी रेटले. घागर, केळी, कांदा, कापडाची घडी, सगळं जमत होतं. अडलं ते चेहऱ्यापाशी. आमचे सर साठीचे, कमी बोलणारे आणि नजर भलती तीक्ष्ण. त्यांचा स्वतःचा एक नियम होता. बारा शीट काढायची, पण एकाच माणसाची. "बारा माणसं काढाल तर बारा वेळा फसाल," ते म्हणायचे. "एकच काढाल तर बाराव्या वेळी तो दिसायला लागेल." आणि पोरं मोबाईलमधला फोटो बघून काढतात म्हणून प्रत्येक शीटवर तारीख आणि समोर बसलेल्या माणसाची सही हवी.

आता बारा वेळा तास तासभर न हलता माझ्यासमोर बसणार कोण? नवरा दूध संघात नोकरीला, सकाळी सहाला जातो. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्यांना पाच मिनिटं बसवलं तर त्यांना लगेच कुकर आठवतो. राहिले आबा, माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय थोडा परतला, हात परतला नाही. दिवसभर ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे.

विचारायला मला लाज वाटली. पण त्यांनीच ऐकलं आणि म्हणाले, "मी हाय की. मला कुठं जायचंय?" त्यांची जीभ जड झाली होती, शब्द चिकटून यायचे. इथं मी ते सुटे करून लिहितेय.

आबांनी उभी हयात वालचंदनगरला कारखान्यात काढली होती, तपासणी खात्यात. ओतकाम होऊन आलेला लोखंडाचा तुकडा यांच्यासमोर यायचा, हे तो मोजायचे, बोट फिरवून बघायचे आणि दोष दिसला की खडूनं लाल फुली मारायचे. घरात आजही कुणी भाकरी जाड केली तर आत्याच म्हणतात, "मारा फुली." लोक सांगतात, वरच्या साहेबानं दरडावलं तरी त्यांनी कधी खोटा माल पास केला नाही. अशा माणसाला काम मिळाल्याचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते दहा वाजता खुर्चीत तयार होते. "डुटी सुरू," म्हणाले.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. झटक्यानं आबांच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. ओठाचा कोपरा खाली आला होता, गाल सैल पडला होता आणि पाणी पिताना त्या बाजूनं धार लागायची. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी आत्यांनी त्या खोलीतला आरसा काढून धान्याच्या कोठीमागं ठेवला. आठवड्यानं न्हावी घरी दाढी करायला यायचा. दाढी झाली की न्हाव्यानं आरसा समोर धरायचा असतो. आत्यांनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, त्यानं आरसा पेटीतच ठेवला, आणि पुढं ती पद्धतच पडली. भेटायला येणारे म्हणायचे, "दुखणं हत्तीच्या पायानं येतं अन् मुंगीच्या पायानं जातं बघा, पण तोंडावर काय कळत न्हाय हां. हुता तसाच चेहरा हाय." सगळा गाव खोटं बोलत होता आणि मीही त्यात होते. आबांना मोबाईलचा कंटाळा, त्यामुळं तिथूनही धोका नव्हता. ओठ जड लागतो हे त्यांना कळत असणारच. तो दिसतो कसा, हे माहीत नव्हतं.

पहिलं शीट मी जसं दिसलं तसं काढलं. मला दुसरं काही सुचलंही नाही, बघायचं आणि काढायचं एवढंच डोक्यात होतं. कपाळ, भुवई, नाकाची डावीकडं किंचित कललेली रेष, तो ओठ. तासानं मी पेन्सिल खाली ठेवली आणि सहीसाठी उठणार तेवढ्यात आबा म्हणाले, "आण बगू. न बघता सही करत न्हाय मी."

मी शीट उलटं धरलं. मग म्हणाले, "जरा थांबा आबा, थोडं राहिलंय." खाली बसले. खोडरबर घेतला आणि तो कोपरा पुसला. वर नेला. गाल जरा आवळला. दोन मिनिटांचं काम. शीट त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ओठ बरा झालाय की गं." डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं जोडत, त्यांनी खाली सही केली. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले.

एकदा केलं की मग मागं येता येत नाही. दुसऱ्या शीटवर तो ओठ परत खाली कसा आणणार? बाराही शीटवर मी तो सरळ काढला. उलट मी त्यात पटाईत झाले, पाचव्या शीटपासून तर आधी खरा काढून पुसायचीही गरज उरली नाही. नवल म्हणजे आबा सुधारायला लागले. कठडा धरून ओट्यावर जाऊन बसायला लागले. येणाऱ्या जाणाऱ्याला हाक मारायला लागले. कारखान्यातले त्यांचे दोन जुने सोबती वालचंदनगरहून भेटायला आले तेव्हा आबांनी मला शीटं आणायला लावली आणि एकेक दाखवलं. सोबत्यांनी एकदा आबांकडं बघितलं, एकदा कागदाकडं. "झ्याक," एक जण म्हणाला आणि चहाच्या कपात बघत राहिला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. वाटलं, औषधानं झालं नाही ते माझ्या पेन्सिलीनं झालं.

मे महिन्यात बारा शीटं घेऊन बारामतीला गेले. सरांनी ती वर्गातल्या फरशीवर ओळीनं मांडली आणि हात पाठीमागं बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. मग उकिडवे बसले आणि एका शीटच्या खालच्या कोपऱ्याकडं बघू लागले. चित्राकडं नाही, सहीकडं.

"डाव्या हाताची सही आहे."

"हो सर."

"अर्धांग?"

"हो सर. दोन वर्षं झाली."

"मग तोंड असं कसं?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी सांगून टाकलं. ते बघतात सर, सही करायच्या आधी बघतात, म्हणून सरळ केलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर मीही चार शब्द बोलले असते, माझी जीभ काही कमी नाही. ते फक्त म्हणाले, "मग नाक? नाक बघून काढलंस की तेही बरं दिसावं म्हणून? डोळे? आता मी कशावर विश्वास ठेवू?" मी म्हणाले, बाकी सगळं खरं आहे सर. ते म्हणाले, "एक जागा सोडून बाकी सगळं खरं, असं चित्र नसतं."

त्यांनी मला आठ दिवस दिले. पाच शीटं, तोच माणूस, जसा आहे तसा. मी विचारलं, दुसरा माणूस काढला तर? ते म्हणाले, तर पहिल्यापासून बारा, म्हणजे पुढच्या वर्षी. इथं मला स्वतःला सोडायचं नाही. मला दुसरी वाट होती. पुढच्या वर्षी शेजारच्या म्हातारीला बसवता आलं असतं. शाळेतली जागा गेली असती, एवढंच झालं असतं. परतीच्या एसटीत मी दीड तास याचाच विचार केला आणि निमगाव केतकी यायच्या आत माझं ठरलं होतं, की आबांनाच काढायचं.

"परत डुटी?" आबा खूश झाले. मी म्हणाले, सरांना अजून पाच हवीत. का, ते सांगितलं नाही. सही शेवटी एकदम करा, अजून काम अपुरं आहे, असं म्हटलं. अपुऱ्या कामावर सही कशाला, हे त्यांनाही पटलं.

ते पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या दिवशी माझा हात आपोआप तो ओठ सरळच काढत होता. तीन महिने समोर बसून मी तो बघणंच सोडून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी दिसायला लागला. ओठ नुसता खाली आलेला नव्हता. तो कोपरा ओलसर होता, आणि सैल गालाला वर धरून ठेवायला डावी बाजू सतत ताणलेली होती. म्हणजे आबा दिवसभर तोंड सरळ ठेवायची खटपट करत होते. हे मला कधी कळलं नव्हतं. पाचव्या दिवशी वीज गेली होती, पंखा बंद, घाम कागदावर पडू नये म्हणून मी मनगटाला रुमाल बांधला होता. त्या तासात जे उतरलं तसं मी आधी कधी काढलं नव्हतं आणि पुढं काढेन असंही वाटत नाही.

शीटं मी गादीखाली ठेवत होते. आत्यांनी गादी उन्हात घालताना ती बघितली. मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये दाखवू नगंस त्यास्नी. तुज्या पाया पडती."

"सही लागते आत्या."

"तूच कर की. येवढं हुबेहूब माणूस काढतीस, चार वेडीवाकडी अक्षरं काढाया काय जड हाय?"

खरं होतं त्यांचं. डोळे झाकून केली असती मी ती सही. सरांना कळलंही नसतं. मी आत्यांना म्हणाले, खोटी सही करून मला शिक्षक व्हायचं नाही. बारा खोटे ओठ काढणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य काय शोभलं असेल! आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. पण ते कारणही खरं नव्हतं. खरं कारण असं, की ते पाचवं चित्र मला कुणाला तरी दाखवायचं होतं. ज्याला नजर आहे अशा माणसाला. आणि आमच्या घरात नजर असलेला माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचही शीटं त्यांच्या मांडीवर ठेवली.

आबांनी पहिलं बघितलं. मग दुसरं. घाई नव्हती. पाचव्याशी आल्यावर त्यांनी डावा हात उचलला आणि बोट स्वतःच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथून हळूहळू गालावरून वर नेलं, परत खाली आणलं. मग तेच बोट कागदावरच्या कोपऱ्यावर ठेवलं. असं त्यांनी दोनदा केलं. कारखान्यात ते कसं काम करत असतील, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"ह्ये बरुबर हाय," ते म्हणाले.

मी खाली घसरलेलं एक शीट उचललं.

"आदीची बारा सरांनी टाकली व्हय?"

"हो आबा."

"टाकणारच. मी बी टाकली असती." मग म्हणाले, "पेन दे."

पाचही शीटांवर त्यांनी सही केली. शेवटची सही झाल्यावर पेन परत देताना म्हणाले, "लोकं येत्यात, बसत्यात, बोलत्यात. समद्यांना दिसत हुतं म्हन की." हे ते मला विचारत नव्हते. मी शीटं गोळा केली आणि बाहेर आले. दारापाशी आत्या उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दुपारी आबांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला गुंडाळला, नाकाखालून घेऊन मानेमागं गाठ. डाव्या हातानं गाठ बसेना म्हणून आत्यांना बोलावलं. मला वाटलं, उन्हाचं असेल, माश्यांचं असेल. दुसऱ्या दिवशीही तो होता. न्हावी आला तर त्याला दारातूनच परत पाठवला. ओट्यावर जाणं थांबलं. सोबत्यांचा फोन आला, येतो म्हणाले, तर आबांनी आतून मान हलवली आणि मी फोनवर सांगितलं, की झोपलेत. जेवायला फक्त आत्या त्यांच्याजवळ बसतात, भिंतीकडं तोंड करून. मी ताट ठेवते आणि बाहेर येते.

मी एकदा त्यांचे पाय धरले. म्हणाले, आबा, मी चुकले, तो पंचा काढा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुजं काय चुकलं? तू बरुबर काडलंस." शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

सरांनी पाच शीटं बघितली, शेरा दिला. यादीत माझं नाव लागलं, बाईंना कागद नेऊन दिला, जागा माझ्यासाठी राहिली. जुलैत कोर्स सुरू झाला. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर, चार पिनांनी लावलेले, आबा. पाचवं शीट. आमच्या कॉलेजात चांगलं काम परत देत नाहीत, ते पुढच्या मुलांसाठी भिंतीवर लावतात. मला हे माहीत होतं, कितीतरी जणांची चित्रं मी त्या भिंतीवर बघितली होती, पण ते आपलं असेल असं मनात आलं नव्हतं.

तास संपल्यावर मी सरांकडं गेले. म्हणाले, ते काढून ठेवा सर, दुसरं कुठलंही लावा. सरांना वाटलं मी विनय दाखवतेय. म्हणाले, "अगं, मान आहे हा. दहा वर्षं राहील ते तिथं." मला घरची गोष्ट सांगता आली असती. ती सांगितली असती तर सरांनी चित्र नक्की उतरवलं असतं, ते दगड नव्हते. पण ती सांगायची म्हणजे मी काय केलं तेही सांगायचं होतं. मी बोर्ड उचलला आणि स्टँडवर आले.

परवा पूर्वतयारीची नवी मुलं आली. वीसेक असतील. सरांनी त्यांना भिंतीपुढं उभं केलं आणि फूटपट्टी त्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवली. "बघा. नीट बघा. जवळ या." मुलं जवळ गेली. एक पोरगी "ईऽऽ" म्हणाली आणि लगेच गप्प झाली. एकानं मोबाईल काढून फोटो घेतला. मी मागं माझ्या बोर्डापाशी पेन्सिलीला टोक करत उभी होते, करता करता अर्धी पेन्सिल संपली.

संध्याकाळी घरी पोचले. आबांच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. पंचा नाकापर्यंत, वर नुसते डोळे.

"आज काय शिकिवलं गं सरांनी?"

"अक्षरलेखन," मी म्हणाले.